आधी ब्रेक, मग इंजिन

गेल्या महिन्यात एका रात्री साडेअकराला भाच्याने फोटो पाठवला. बेळगावात आमच्या घरामागे फणसाच्या झाडाखाली बाबांची जुनी फियाट उभी असते. कागदोपत्री ती १९८६ची प्रीमियर पद्मिनी, पण आमच्याकडे तिला फियाटच म्हणतात. फोटोत तिच्या छपराच्या खांबांवर, दारांवर आणि मागच्या पत्र्यावर काळ्या मार्करने तुटक रेघा मारलेल्या होत्या. खाली लिहिलं होतं, "मामा, इथून कापायचं. छप्पर चार इंच खाली घ्यायचं. मडगार्ड काढायचे. मोठं इंजिन बसवायचं. घरच्या घरी हॉट रॉड! आजोबा हो म्हणालेत."

मी बेंगळुरूत होतो. शेवटचं वाक्य वाचून झोप उडाली. सकाळी बाबांना फोन लावला.

"काप म्हटलं की मी," बाबा शांतपणे म्हणाले. "उभीच तर आहे. गंजून मातीत जाण्यापेक्षा पोराच्या हाताला काम तरी लागेल."

मंडळी, या सदरात मी एरवी फोन, पासवर्ड, वाय-फाय असल्या गोष्टींवर लिहितो, आणि या वेळीही पासवर्डबद्दलच लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या महिन्यात. घरी हॉट रॉड बनवता येते का, हा प्रश्न माझ्या भाच्याच्या वयाच्या बऱ्याच मुलांच्या डोक्यात असतो, हे मला माहीत आहे. मोबाइलवर दिवसाला चार व्हिडिओ बघितले की तो येतोच. शिवाय एक हॉट रॉड बनताना मी स्वतः पाहिली आहे, तिला थोडा हातही लावला आहे. त्यामुळे उत्तर देणं माझ्याकडे लागतं.

आधी हॉट रॉड म्हणजे काय ते सांगतो, कारण व्हिडिओत फक्त ज्वाळांचं पेंटिंग दिसतं.

ही गोष्ट दक्षिण कॅलिफोर्नियातली, १९३० च्या दशकातली. फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात 'मॉडेल टी' नावाच्या दीड कोटी गाड्या काढल्या होत्या, त्यानंतर 'मॉडेल ए' आली. जुन्या गाड्या मातीमोल भावाने मिळत. ज्यांच्या खिशात पैसे नव्हते पण हातात पाना होता, अशा पोरांनी त्या घेतल्या. वजन कमी करायचं म्हणून मडगार्ड, पायऱ्या, बोनेट, काय निघेल ते काढून टाकलं. वारा कमी अडावा म्हणून छप्पर खाली घेतलं. आज जी 'स्टाइल' वाटते ती सगळी तिथे गरज होती. मग या गाड्या घेऊन ते मोहावी वाळवंटात म्यूरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांवर जात. मैलोन्‌मैल सपाट, टणक जमीन. तिथे वेळ मोजून गाड्या पळवत. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून एक संघटना काढली, तिचे नियम केले. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यात विमानं दुरुस्त करायला शिकलेले तरुण परत आले आणि या छंदाला भलताच जोर चढला. बिल बर्क नावाच्या गड्याने १९४६ मध्ये लढाऊ विमानाच्या पोटाखाली लावायची इंधनाची जादा टाकी आणली आणि तिचीच गाडी केली. जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' नावाचं मासिक निघालं आणि ते नाव जगभर गेलं.

या सगळ्यात एक गोष्ट आपल्या बेळगावकरांना जास्त कळेल. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत दिलं. ३.६ लिटर, ६५ अश्वशक्ती, आणि गाडीची किंमत ५०० डॉलरच्या आत. तोवर असली इंजिनं श्रीमंतांच्या गाड्यांत असत, कारण त्यांचे भाग वेगवेगळे ओतून एकमेकांना बोल्टने जोडावे लागत. फोर्डने सिलिंडरच्या दोन्ही रांगा आणि खालचं क्रँककेस मिळून एकच कास्टिंग ओतलं. उद्यमबागेत ज्याचं कोणी फाउंड्रीत आहे त्याने घरी विचारावं, एवढे कोअर एका साच्यात बसवायचे आणि एकही हलू द्यायचा नाही म्हणजे काय. सुरुवातीला ढीगभर कास्टिंग फुकट गेली. पण जमलं, आणि हॉट रॉडवाल्यांना स्वस्तातलं ताकदवान इंजिन मिळालं. म्हणजे या सगळ्या वेगाच्या मुळाशी ओतकाम आहे.

आता माझा त्यात हात कसा लागला ते.

मी मेकॅनिकलचा बीई. पण कॅम्पसमध्ये सॉफ्टवेअर कंपनी आली, नोकरी मिळाली, मी पुण्याला गेलो. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये घासलेला एक जॉब सोडला तर लोखंडाशी माझा संबंध तिथेच संपला. काही वर्षांनी कंपनीने प्रोजेक्टसाठी कॅलिफोर्नियात पाठवलं. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला पोमोना नावाचं गाव आहे, तिथे एका घराच्या मागच्या बाजूची खोली भाड्याने घेतली. घरमालक सत्तरीचा, निवृत्त मशिनिस्ट, एकटा राहायचा. खोलीला लागून त्याचं गॅरेज. त्यात १९३१च्या मॉडेल ए फोर्डची बॉडी छताला साखळ्यांनी टांगलेली. खाली जमिनीवर नुसती चौकट.

पहिले दोन महिने आम्ही फक्त 'गुड मॉर्निंग' म्हणत होतो. मग एका शनिवारी त्याला बॉडी खाली उतरवायला दुसरा माणूस हवा होता. त्यानंतर दीड वर्ष माझे शनिवार तिथेच गेले.

पहिली गोष्ट कळली ती ही, की हॉट रॉड या जुन्या फोर्डचीच का करतात. तिची चौकट वेगळी आणि बॉडी वेगळी. शिडीसारखी चौकट, म्हणजे चेसिस, सगळं वजन आणि ताण घेते. बॉडी वर नुसती बोल्टने बसवलेली. चार बोल्ट जास्त-कमी सोडले की टांगून ठेवा, कापा, ठोका, चौकटीला धक्का नाही. घरमालकाने चौकटही मूळची वापरली नव्हती. मॉडेल एचं मूळ इंजिन ४० अश्वशक्तीचं. तो बसवणार होता एका भंगारातल्या पिकअपमधलं ५.७ लिटरचं शेव्हरोले व्ही-८. मूळ चौकटीने तो पीळ सोसला नसता. म्हणून १९३२च्या फोर्डच्या धर्तीची नवीन चौकट, तिच्या 'सी' आकाराच्या दांड्यांना आतून पट्ट्या वेल्ड करून पेटीसारख्या बंद केलेल्या.

दुसरी गोष्ट, गाडी दोनदा जोडायची असते. आधी सगळं उघड्या लोखंडावर बसवायचं. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अॅक्सल, स्टिअरिंगचा दांडा, पेडल, सीटसुद्धा. स्टिअरिंगचा दांडा एक्झॉस्टच्या पाइपला घासतो, पेडल दाबलं की बूट चौकटीला अडतो, रेडिएटर अर्धा इंच पुढे हवा, हे सगळं तेव्हा कळतं. दुरुस्त करायचं, परत बसवायचं. सगळं पटलं की पुन्हा पूर्ण सोडायचं, मग रंग, आणि मग शेवटची जोडणी. मी गेलो तेव्हा तो पाच वर्षं या कामात होता. व्हिडिओत हे वीस मिनिटांत होतं.

एकदा चहाच्या, म्हणजे त्याच्या कॉफीच्या वेळी त्याने विचारलं, "तुझे वडील काय करतात?"

मी म्हटलं, "त्यांची छोटी मशीन शॉप होती. लेथ, ड्रिल, शेपर."

त्याचे डोळे चमकले. "लेथ कुठली? केवढी?"

मला सांगता येईना. अठरा वर्षं ज्या घरात राहिलो, त्या घराच्या पुढच्या शेडमध्ये ती लेथ चालायची. तिच्या आवाजावर मी दहावीचा अभ्यास केला. तिच्यावर माझी फी भरली गेली. मेकॅनिकलचं प्रमाणपत्र माझ्याकडे होतं आणि ती लेथ किती फुटी होती हे मला माहीत नव्हतं.

रात्री घरी फोन केला. आई नेहमीप्रमाणे "जेवलास का" विचारून फोन ठेवणार, तेवढ्यात मी म्हटलं, "बाबांना दे." बाबा आणि मी फोनवर एरवी दोन मिनिटं बोलायचो. त्या दिवशी चाळीस मिनिटं बोललो. "सहा फुटी होती रे. राजकोटची. सेकंडहँडच घेतली होती, पण बेड एक नंबर." मग तिच्यावर काय काय काम केलं, उसाच्या गुऱ्हाळाचे रोलर कसे यायचे, पंपाचे शाफ्ट कसे सरळ करायचे. मी विचारलं, "आता कुठे आहे ती?" बाबा म्हणाले, "विकली की. तू पुण्याला गेलास त्याच वर्षी. एकट्याला झेपेना." मला सांगितलं होतं म्हणे त्यांनी. सांगितलंही असेल. मी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी घरमालकाला माप सांगितलं. तो म्हणाला, "चांगली मशीन." एवढंच.

आता ब्रेकचं. भाच्या, हे नीट वाच.

इंजिन चौकटीत बसलं, वायरिंग झालं, पेट्रोलची टाकी लागली. माझा प्रोजेक्ट संपायला तीन महिने उरले होते आणि मला काहीही करून ते इंजिन सुरू झालेलं ऐकायचं होतं. घरमालक म्हणाला, "आधी ब्रेक." मला वाटलं, एका शनिवारचं काम. पाच शनिवार गेले.

साध्या गाडीत ब्रेकचा मास्टर सिलिंडर बोनेटखाली, उंचावर असतो. या गाडीत तिथे जागाच नव्हती. तो ड्रायव्हरच्या पायाखाली, चौकटीला लावलेला. म्हणजे चाकांवरच्या ब्रेकपेक्षा खाली. गाडी उभी असताना ब्रेक ऑइल उतरून मास्टर सिलिंडरकडे परत येतं, आणि पुढच्या वेळी पहिलं पेडल पोकळ जातं. म्हणून मध्ये एक छोटा व्हॉल्व्ह लावतात, तो पाइपात थोडासा दाब धरून ठेवतो. डिस्क ब्रेकला २ पीएसआय, ड्रमला १०. हा अंगठ्याएवढा व्हॉल्व्ह विसरला तर गाडी दिसायला तशीच दिसते. सुरूही होते. पळतेही.

मग ब्रेकच्या नळ्या. स्टीलच्या नळीचं टोक फुलासारखं उमलवून ते जोडात घट्ट आवळतात, त्याला फ्लेअर म्हणतात. मोटारीच्या ब्रेकच्या स्टीलच्या नळीला दुहेरी फ्लेअर लागतो, म्हणजे टोक उमलवून पुन्हा आत दुमडायचं. एकेरी फ्लेअर दाबाखाली चिरू शकतो. घरमालकाने मला दाखवलं, चार टोकं करून दिली आणि बाकीची मला दिली. मागच्या उजव्या चाकाजवळच्या टोकाला दुमडताना नळी दोनदा वाकडी गेली. तिसऱ्यांदा मी ती एकेरीच ठेवली आणि नट आवळून टाकला. बाहेरून काही कळत नाही. मनात म्हटलं, एवढ्याने काय होतंय.

संध्याकाळी ब्रेक ऑइल भरलं, हवा काढली. पेडल छान कडक लागलं. मी खूश. घरमालकाने एक लाकडी दांडका आणला, सीट आणि पेडल यांच्यामध्ये ठोकून बसवला, म्हणजे रात्रभर पेडल दाबलेलं राहावं. प्रत्येक जोडाखाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला आणि दिवा बंद केला.

सकाळी मागच्या उजव्या चाकाखालच्या पुठ्ठ्यावर रुपयाएवढा ओला डाग होता.

त्याने नट सोडला, टोक बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओरडला नाही. नळी कापली, नवा तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "जोड तुझा आहे. तूच कर." मी त्या दिवशी अकरा टोकं वाया घालवली. बारावं बरोबर आलं.

सॉफ्टवेअरमध्ये मी असं कितीदा केलंय हे मला माहीत आहे. चालतंय ना, मग पुढे. चुकलं तर उद्या दुरुस्ती पाठवू. पण त्या गाडीत तो बसणार होता, आणि रस्त्यावर समोर कोणाचं तरी पोर असणार होतं. थोडं गणितही आहे. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी उष्णता करून ब्रेकनेच जिरवायची असते. म्हणून जुने हॉट रॉडवालेसुद्धा १९३९पासूनच्या फोर्डचे हायड्रॉलिक ब्रेक शोधून आणत आणि जुन्या गाड्यांना बसवत, कारण त्याआधीच्या फोर्डना मेकॅनिकल ब्रेक होते. मोठं इंजिन सगळ्यांना दिसतं. ब्रेक कोणी फोटोत काढत नाही.

इंजिन मी येण्याच्या आदल्या आठवड्यात सुरू झालं. नवीन कॅमशाफ्ट होता, म्हणून पहिल्या सुरुवातीला सरळ २,००० फेऱ्यांच्या आसपास वीसेक मिनिटं चालवायचं असतं, म्हणजे कॅम आणि टॅपेट एकमेकांना बसतात. मी आगीचं सिलिंडर धरून उभा होतो. आवाज छातीत लागत होता. मग त्याने गाडी गल्लीत काढली, दहा-पंधरा फुटांवर थांबवली. पुन्हा चालवली, थांबवली. दहा वेळा. मोठ्या रस्त्यावर त्या दिवशी गेलाच नाही.

एवढं सगळं सांगितल्यावर भाच्याचा प्रश्न. घरी हॉट रॉड बनवता येते का? तिथे येते. तिथेही वाटेल तशी नाही. कॅलिफोर्नियात स्वतः बांधलेल्या गाडीला धुराच्या नियमांतून ठरावीक सवलत हवी असेल तर वर्षाला फक्त ५०० प्रमाणपत्रं निघतात, त्यासाठी जानेवारीत लोक रांगा लावतात.

आपल्याकडे? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. इंजिन बदलायचं तरी आधी नोंदणी कार्यालयाची परवानगी. छप्पर कापलेली गाडी रस्त्यावर आणली तर नोंदणी जाऊ शकते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले, 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट आली. पण त्यासाठी गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी, आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नको. म्हणजे तो रस्ता हॉट रॉडसाठी नाहीच. आमची फियाट त्यात बसायला अजून दहाएक वर्षं आहेत.

कायदा बाजूला ठेवला तरी फियाट यासाठी बनलेलीच नाही. तिला फोर्डसारखी वेगळी चौकट नाही. तळ, खांब, छप्पर मिळून एकच पेटी, आणि तीच सगळा ताण घेते. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घे. झाकण घट्ट असताना दोन्ही टोकं धरून पिळून बघ, पिळवटत नाही. झाकण काढून बघ. तू ज्या खांबांवर रेघा मारल्यास ते म्हणजे त्या डब्याच्या कडा आहेत. शिवाय तिचं इंजिन १,०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्ती, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. आंबोली घाट उतरताना बाबा गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायचे आणि मागे बसलेल्या आम्हाला सांगायचे, "उतारावर ब्रेकवर विसंबू नये." त्या ड्रमवर मोठं इंजिन बसवायचं?

हौस खरी असेल तर एक सरळ रस्ता आहे. 'बाजा एसएईइंडिया' ही कॉलेजच्या मुलांची स्पर्धा २००७ पासून चालते, इंदूरजवळ पीथमपूरच्या नॅट्रॅक्स ट्रॅकवर ती अनेक वर्षं झाली आहे. आपल्या इंदूरकर वाचकांना ठाऊक असेल. पाइप वाकवून, वेल्डिंग करून एका माणसाची गाडी मुलं स्वतः बांधतात. इंजिन सगळ्यांना सारखंच, छोटं. आणि शर्यतीत उतरण्याआधी ब्रेकची परीक्षा. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं जाम झाली पाहिजेत. नाही झाली तर इंजिन कितीही गोड वाजू दे, गाडी बाहेर. भाच्याच्या कॉलेजात या स्पर्धेची टीम आहे. त्याला माहीत नव्हतं.

हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं. तो हिरमुसला. मग मी शुक्रवारची रात्रीची बस पकडून बेळगावला गेलो.

शनिवारी सकाळी तिघांनी फियाट जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळे लावले आणि चाकं काढली. ड्रम निघेनात. बाबांनी लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकत एकेक सोडवला, घाई न करता. आतल्या धुळीवर ते फुंकर मारणार, तेवढ्यात भाचा ओरडला, "आजोबा, नको! जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टस असतं." त्याने मास्क आणले, ओल्या फडक्याने पुसलं. बाबांनी निमूट मास्क लावला. थोड्या वेळाने भाचा ब्रेकचे रबर पेट्रोलमध्ये धुवायला निघाला, तेव्हा बाबांनी त्याचा हात धरला. "पेट्रोलने रबर फुगतं. ब्रेक ऑइलनेच धू."

चारही चाकांचे सिलिंडर जाम झाले होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. इथे बारा वर्षं कोणी बघितलं नव्हतं. दोन सिलिंडर पॉलिश पेपरने साफ झाले. दोनांत गंजाचे खड्डे पडले होते, ते नवीन आणले. कुठले बदलायचे हे ठरवताना बाबांनी आत करंगळी फिरवली आणि सांगितलं. भाच्याने विश्वास बसेना म्हणून मोबाइलचा दिवा लावून बघितलं. मग व्हर्निअर मागितला. बाबांनी कपाटातून स्वतःचा काढून दिला, तेलकट कापडात गुंडाळलेला. लेथ विकली तरी तो ठेवला होता.

संध्याकाळी हवा काढायला घेतली. भाचा पेडलवर, बाबा चाकाशी. "दाब. धर. सोड." दीड तास तेवढे तीनच शब्द. पेडल कडक झालं तेव्हा मी न बोलता झाडाची फांदी तोडून आणली, सीट आणि पेडलच्या मध्ये बसवली आणि चारही चाकांखाली 'तरुण भारत'ची पानं पसरली. बाबांनी विचारलं, "हे कुठे शिकलास?"

"पोमोनाला. एका लेथवाल्याकडे."

रविवारी सकाळी डाव्या मागच्या चाकाखालचा कागद ओला होता. तो जोड बाबांनी आवळला होता. ते वाकले, बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "हा माझा." भाच्याने पाना पुढे केला.

दुपारी गाडी ठोकळ्यांवरून उतरवली. आमच्या अंगणाला गेटाकडे थोडा उतार आहे. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले, आम्ही दोघांनी मागून ढकललं. गाडी हलली, फणसाच्या सावलीतून बाहेर आली, उताराला लागून आपली आपण चालायला लागली. गेटापासून चार हातांवर बाबांनी ब्रेक दाबला. ती उभी राहिली. सरळ, एकीकडे न ओढता.

बाबा काही वेळ उतरलेच नाहीत. मग काच खाली करून म्हणाले, "ढकला परत मागे. पुन्हा एकदा बघू."

सहा वेळा बघितलं. रेघा पुसायला भाच्याने कापड आणलं होतं, बाबा म्हणाले राहू देत. इंजिन अजून सुरू केलेलं नाही. पुढच्या जोडून सुट्टीत कार्ब्युरेटर उघडणार आहोत. भाचा सोमवारी कॉलेजच्या टीममध्ये नाव द्यायला गेला. त्याला ब्रेकच्या गटात घेतलंय म्हणे, इंजिनच्या नाही. थोडा नाराज आहे.

पुढच्या महिन्यात, ठरल्याप्रमाणे, पासवर्ड.